अपठित उतारा

अक्काचं बोट ‘ब’वर येऊन थांबलं आणि तिथेच रुतून बसलं. बोट डाव्या हाताचं. उजवा हात दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर पडून होता. समोर बसलेल्या बाईंनी पुठ्ठ्याची खिडकी जरा पुढे सरकवली. खिडकी म्हणजे जुन्या वहीचा पुठ्ठा, मधोमध चौकोन कापलेला. त्यातून एका वेळी एकच शब्द दिसायचा आणि बाकीची गर्दी झाकली जायची. एकतीस वर्षं बाई शाळेत कच्च्या मुलींना असंच वाचायला शिकवत आल्या होत्या. सख्ख्या मोठ्या बहिणीसमोर हा पुठ्ठा धरायची वेळ येईल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“ब,” अक्का म्हणाली. मग बराच वेळ गेला. “बटण.”

“अंदाज बांधू नकोस. नीट बघ. ब, मग द...”

“बटणच.”

“बदक आहे, अक्का. बदक तळ्यात पोहते.”

“मग?”

“मग काय?”

“पोहते... मग?”

“मग काही नाही. एवढंच वाक्य आहे.”

अक्कानं तोंडाची डावी बाजू वाकडी केली. उजवी बाजू हल्ली कशातच भाग घेत नसे.

“फुकट... वाचलं,” ती म्हणाली.

आत ओट्याशी उभी असलेली गुंडी खो खो हसली. गुंडी म्हणजे अक्काची एकुलती एक लेक. दोन वर्षांची असताना तिनं शिवणयंत्राखाली पडलेलं बटण गिळलं होतं. बटण दुसऱ्या दिवशी परत मिळालं, नाव मात्र कायमचं चिकटलं. आता ती पस्तिशीला आली होती, परगावी चांगल्या नोकरीवर होती, हाताखाली बारा माणसं होती. या घरात ती अजून गुंडीच होती. आईच्या आजारपणासाठी घेतलेली तिची रजा या रविवारी संपत होती.

चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेल्या माणसाला ‘ब’मध्ये बटण दिसलं, तर त्यात नवल ते काय? वाचणारा माणूस अक्षरं वाचतच नाही, मनात आधीपासून जे असतं तेच तो कागदावर वाचतो, असं बाई शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगत. त्यावर टाळ्या पडत. हल्ली हे वाक्य त्या गाळत.

अक्काला अक्षरं दिसत होती, लागत नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण रक्ताची एक बारीकशी गुठळी मेंदूत जाऊन अडकली. त्यानं उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं आणि वाचणं पार पुसलं गेलं. “रस्ता बुजलाय,” डॉक्टर म्हणाले होते. “रोज चालत राहिलात तर पायवाट पडेल. आणि ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस त्यांना आठवणार नाहीत कदाचित, ते मनावर घेऊ नका.”

त्या शेवटच्या वाक्यानं आपल्याला किती हायसं वाटलं, याची बाईंना अजून लाज वाटत होती.

त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई थेट इथे येत. तीन महिन्यांत एक दिवस चुकला नाही. दुकान पुढच्या खोलीत, घर मागच्या दोन खोल्यांत. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. तिच्या शेजारी पाट्यांवर मुळाक्षरं, मग दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी. गल्लीतली माणसं म्हणत, बहीण असावी तर अशी. काजं-बटणं करणाऱ्या काकू तर डोळ्यांना पदर लावत. आणि गुंडी उठता बसता एकच पालुपद लावी, “मावशी, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं?” बाईंना ते कौतुक जोडा हाणल्यासारखं लागे. त्या खिडकी पुढच्या शब्दावर सरकवत.

कारण त्याआधी दोन वर्षं बाई या घरात आल्या नव्हत्या. भांडणाचं कारण सांगायला गेलं तर हसू यावं. आई गेली तेव्हा अक्का चार माणसांदेखत म्हणाली होती, “हिला काय! शाळा तपासायला यावं तशी यायची आईकडे. पंधरा मिनिटं बसायचं, चार चुका काढायच्या, की चालली.” बाईंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. खोटं असतं तर तिथल्या तिथे कडकडून भांडून त्यांनी मिटवून टाकलं असतं.

मग तीन महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत काजं करणाऱ्या काकू शाळेच्या फाटकाशी आल्या आणि एक चिठ्ठी देऊन गेल्या. फोन करायचा तर दोघींपैकी कुणीतरी आधी ‘हॅलो’ म्हणायला हवं होतं, आणि तेवढं काही दोन वर्षांत जमलं नव्हतं. मापाच्या कागदाच्या पाठीवर अक्काचं टपोरं अक्षर होतं.

‘परवा ऑपरेशन. हृदयाचं. जीव घाबरा. अक्का.’

एक क्रियापद नाही. अक्कानं जन्मात कधी क्रियापद लिहिलं नव्हतं. तिच्या मापाच्या वहीत पानंच्या पानं अशीच असत: बाही अर्धी, गळा गोल, परवा. परवा म्हणजे कपडा मिळायचा दिवस. गिऱ्हाइकं थट्टा करत, अक्का, तुमचा परवा उजाडतो तरी कधी? उशिरा का होईना, उजाडायचा. आणि नेहमी पुढेच असायचा. होऊन गेलेला परवा त्या दुकानात नव्हताच. शिवून दिलेल्या कपड्याची नोंद ठेवायला तिला वेळ कुठे होता?

बाई तेव्हा वह्या तपासत होत्या. हातात लाल पेन होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सवयीनं, काही विचार न करता, ‘परवा’च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं: गुरु. मोघम शब्द दिसला की त्याच्यावर नेमका शब्द लिहायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची खोड. मंगळवारचा परवा म्हणजे गुरुवार. पूर्ण शब्द लिहायलासुद्धा त्या थांबल्या नाहीत, इतकं ते उघड होतं. पहिल्याच वाचनात, अर्ध्या मिनिटाच्या आत, त्यांना सगळं कळलं होतं.

मग दुसरं वाचन सुरू झालं. हिनं ‘ये’ असं कुठे म्हटलंय? बोलवायचं असेल तर माणसानं पूर्ण वाक्यात बोलवावं. नुसतं कळवलंय. आणि परवा म्हणजे काय, होऊन गेलेलाही परवाच की! झालं असेल रविवारी. झालं असेल आणि आता सांगत असेल, मुद्दाम, आपल्याला टोचावं म्हणून. मग जीव घाबरा कशाला, ज्याचं होऊन गेलं त्याचा? हा प्रश्न एखाद्या मुलीनं वर्गात विचारला असता तर बाईंनी तिची पाठ थोपटली असती. स्वतःला त्यांनी तो विचारू दिला नाही. बुधवार गेला. गुरुवारी शाळेत परीक्षेचे पेपर काढायची बैठक होती. बाई बैठकीत बसल्या, दिवसभर बसल्या, आणि भाषेच्या पेपरासाठी एक उतारा लिहून दिला. सगळ्यांनी वाखाणला.

शुक्रवारी गुंडीचा फोन आला. आधी नुसतं रडणं, मग दवाखाना, मग गुठळी.

“मावशी, तू आली कशी नाहीस? आईनं तुला कळवलं होतं ना?”

“अगं, मला वाटलं परवा म्हणजे होऊन गेलं. या रविवारी मी भेटायला येणारच होते.”

वाक्य आपोआप बाहेर पडलं. निर्दोष वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. मंगळवारच्या मागचा परवा म्हणजे रविवार, आणि रविवारी कुठल्या दवाखान्यात असलं मोठं ऑपरेशन ठरवून करतात, हे गुंडीनं विचारलं नाही. ती फक्त हुंदका देऊन म्हणाली, “मेला शब्दच तसला आहे.”

सगळा दोष शब्दावर गेला. बाई नामानिराळ्या राहिल्या. लोक ध चा मा करतात, बाईंनी एकही अक्षर बदललं नव्हतं. त्यांनी फक्त काळ बदलला होता.

चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. फाडायला त्यांनी ती तीनदा बाहेर काढली आणि तीनदा परत ठेवली. मुलीच्या उत्तरपत्रिकेवर दिलेला शेरा जसा नंतर खोडता येत नाही, तसा तो लाल शब्द त्यांना खोडता येईना.

“मावशी, जरा आत ये ना,” गुंडीनं हाक मारली.

बाई आत गेल्या. गुंडी कपात चहा ओतत होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं नळ थोडा सोडून ठेवला.

“मी रविवारी निघते. आईला घेऊन जायचं म्हणत होते. खोली रिकामी केली, तिला सांभाळायला कामाची बाई बघून ठेवली. पण ती ऐकत नाही. म्हणते, धाकटी आहे. मी म्हटलं, अगं, मावशीला शाळा आहे, तिचं वय झालंय. तर पुन्हा तेच. धाकटी आहे. बस.”

“तिला नीट कळलंय का, तू काय विचारतेस ते?”

“तिला सगळं कळतं गं. बोलता येत नाही एवढंच.” गुंडीनं कपाची कड फडक्यानं पुसली. “तुला सांगितलं नव्हतं, उगाच तुला लागेल म्हणून. त्या दिवशी ऑपरेशनला आत नेताना तिनं दोनदा स्ट्रेचर थांबवायला लावलं. नर्सला म्हणाली, थांबा हो जरा, माझी बहीण शाळा सुटली की येईल. नर्स म्हणाली, आजी, सकाळचे साडेआठ वाजलेत. तर म्हणते, मग अर्ध्या सुट्टीत येईल.”

नळ वाहत होता. बाईंनी तो बंद केला, घट्ट, गरजेपेक्षा जास्त.

“तुझी काय चूक त्यात,” गुंडी घाईनं म्हणाली. “म्हणूनच सांगत नव्हते बघ. मग, ठेवू ना आईला तुझ्या भरवशावर?”

“शनिवारी सांगते,” बाई म्हणाल्या. “चहा फार गोड झालाय.”

चहा त्यांनी अजून तोंडाला लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत भाषेचा पेपर होता. शाळेत मुली बाईंना पाठीमागे ‘उताराबाई’ म्हणत, कारण अपठित उतारा दर वर्षी त्याच काढत. अपठित म्हणजे मुलींनी आधी कधीच न वाचलेला परिच्छेद, आणि त्याखाली पाच प्रश्न. ‘उताऱ्यात असेल तेच लिहा’ आणि ‘पूर्ण वाक्यात लिहा’, ही बाईंची दोन वाक्यं साऱ्या शाळेला पाठ होती. कुणी एका चावट मुलीनं बाकावर कोरूनही ठेवलं होतं: उताराबाईंच्या उताऱ्यावर उतारा नाही.

घंटा होऊन अर्धा तास झाला असेल. तिसऱ्या बाकावरच्या, चष्मा सारखा वर सारणाऱ्या एका मुलीनं हात वर केला.

“बाई, उताऱ्यात लिहिलेलं नाही, पण आपल्याला कळतं, असं असेल तर ते लिहायचं का?”

“कुठला प्रश्न?”

“चौथा. म्हातारा दार का उघडत नाही?”

“मग? उताऱ्यात दिलंय की. त्याला कडीचा आवाज ऐकू आला नाही.”

“हो, तो तसं म्हणतो शेवटी. पण वर दुसऱ्या ओळीत आहे की तो खिडकीशी बसला होता आणि गल्लीतली रहदारी बघत होता.” मुलीनं आवाज आणखी खाली आणला. “म्हणजे त्याचा मुलगा दाराशी येताना त्याला दिसला असणार ना, बाई? त्याला माहीत होतं. त्यानं मुद्दाम उघडलं नाही आणि नंतर ऐकू आलं नाही म्हणाला.”

बाईंनी तिच्या पुढची प्रश्नपत्रिका उचलली. उतारा त्यांचाच होता. त्या गुरुवारच्या बैठकीत, दिवसभर बसून, त्यांनीच लिहिलेला. दुसऱ्या ओळीत खिडकी होती. आपण ती तिथे कधी ठेवली आणि कशासाठी, हे त्यांना काही केल्या आठवेना. उत्तरसूचीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं: ऐकू आले नाही म्हणून. दोन गुण. बैठकीतल्या सहा शिक्षकांपैकी एकालाही ती खिडकी दिसली नव्हती आणि या तेरा वर्षांच्या पोरीनं बाकावर बसल्या बसल्या म्हाताऱ्याची चोरी पकडली होती. पोरगी आपल्याकडेच बघून बोलते आहे असं त्यांना वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“लिहू का, बाई?”

“लिही.”

“गुण जातील का?”

“नाही जाणार,” बाई म्हणाल्या. “पूर्ण वाक्यात लिही.”

शनिवारी अर्धीच शाळा होती. बाई जेवायला घरी न जाता थेट अक्काकडे आल्या. गुंडी आत बॅग भरत होती. मधल्या दाराचा पडदा ओढलेला होता आणि पलीकडून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. अक्का खुर्चीत बसून वाटच बघत होती. खिडकीचा पुठ्ठा तिनं आधीच मांडीवर घेऊन ठेवला होता.

“उशीर,” ती म्हणाली.

“पाच मिनिटं.”

“उशीर... तो उशीर.”

बाई समोर बसल्या. पर्स उघडताना त्यांच्या बोटांना चेन सापडेना. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. अक्का, मला तुला काही सांगायचंय. अक्का, माझी चूक झाली. पूर्ण वाक्यं, एकाहून एक. अक्काच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यातलं एकही आठवेना. आठवलं असतं तरी तोंडातून निघालं नसतं. उद्या गुंडी आईला त्यांच्या भरवशावर सोडून जाणार होती, आणि हा भरवसा एका खोट्या वाक्यावर उभा होता. आज सांगितलं तर अक्का उद्या लेकीबरोबर निघून जाईल. दोन वर्षांनी मिळालेली बहीण पुन्हा जाईल, आणि या खेपेला कायमची. न सांगितलं तर रोज दुपारी हा पुठ्ठा हातात धरून तिच्यासमोर बसायचं, आणि तिनं ‘धाकटी आहे’ म्हणायचं.

त्यांनी आतल्या कप्प्यातून चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली, तळहातानं सपाट केली.

“आज पाटी नको,” त्या म्हणाल्या. “आज हे वाच.”

बाईंनी खिडकी चिठ्ठीवर ठेवली. चौकोनात फक्त पहिला शब्द आला. वरचा लाल शब्द पुठ्ठ्याखाली गेला. तो झाकला जाणार हे बाईंना ठाऊक होतं, आणि झाकला गेल्यावर आपल्याला बरं वाटलं हेही त्यांना कळलं.

“प,” अक्का म्हणाली. “प... र. वा.” ती थांबली. “परवा.”

अंदाज नव्हता. अक्षर अक्षर करत ती आली होती. तीन महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

बाईंनी खिडकी सरकवली. ‘ऑपरेशन’ मोठा शब्द होता, त्याला बराच वेळ लागला. ‘हृदयाचं’पाशी ती दोनदा अडली, चिडली, बोट उचलून पुन्हा ठेवलं. ‘जीव’ पटकन आला. ‘घाबरा’ तिनं मनात वाचला असावा. ओठ हलले, आवाज आला नाही. शेवटचा शब्द ‘अक्का’ होता. त्यापाशी ती कितीतरी वेळ थांबली.

“माझं,” ती म्हणाली. “माझं... अक्षर.”

“हो. तुझंच.”

अक्कानं डाव्या हातानं पुठ्ठा धरला आणि सरळ बाजूला केला. कापड बेतताना वरचा कागदी नमुनासुद्धा ती असाच, एका झटक्यात, दूर करायची. सगळी चिठ्ठी उघडी पडली. तिची नजर ओळीवरून फिरली आणि मग वर गेली, लाल शब्दावर. बोट तिथे गेलं.

“गु,” ती म्हणाली. “रु. गुरु.”

अक्कानं मान वर केली. तोंडाची डावी बाजू हळूहळू पसरली. तिनं बोट चिठ्ठीवरून उचललं आणि बाईंच्या छातीवर टेकवलं.

“गुरु,” ती म्हणाली. “तू.”

आणि ती हसली. अर्ध्या तोंडानं, पण पोटातून, लहानपणी बाईंनी पहिली ओळ न अडखळता वाचली तेव्हा हसली होती तशी. तेव्हा बाईंना वाचायला शिकवणारी हीच होती. शिवणयंत्राच्या पायपट्टीवर पाय हलवत, दातांत दोरा धरून तिनं धाकटीला ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं होतं. एकटा ‘गुरू’ असला की शेवटी दीर्घ, ‘वार’ जोडला की ऱ्हस्व. पूर्वीची अक्का असती तर हा छोटा उकार तिच्या नजरेतून सुटला नसता. ‘धाकटे, हा गुरू नव्हे, हा अर्धवट लिहिलेला वार आहे,’ असं ती म्हणाली असती.

“काय गं, काय चाललंय?” पडद्यापलीकडून गुंडी ओरडली. “काय वाचलं आईनं?”

“धाकटी... गुरु!” अक्कानं मोठ्यानं सांगितलं.

“ऐकलंस ना, मावशी? पदवी मिळाली तुला!”

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांना स्वतःची किळस आली. उत्तर चुकीचं होतं; पण याहून गोड चूक कुठल्या विद्यार्थ्यानं कधी केली नव्हती. हिला पूर्ण गुण देऊन टाकावेत, चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवावी, गुंडीला ‘हो’ म्हणावं. कुणाचं काय बिघडणार होतं? एवढं मनात आलं, आणि ते पुन्हा दुसरं वाचन होतं, त्या मंगळवारसारखंच. तेही त्यांना ओळखू आलं.

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. मनगट टेबलावर टेकवून, ‘रु’ला अगदी चिकटवून त्यांनी दोन अक्षरं लिहिली. मग चिठ्ठी अक्कापुढे सरकवली. खिडकी ठेवली नाही.

अक्का वाकली. हसू अजून तोंडावर होतं.

“वा,” ती म्हणाली. “र. वार.” मग बोट मागे नेलं, पहिल्यापासून. “गुरु... वार.”

हसू हळूहळू ओसरलं. बोट खाली ‘परवा’वर आलं. पुन्हा वर ‘गुरुवार’वर गेलं. पुन्हा खाली. उत्तर उताऱ्यात नक्की आहे हे माहीत असलेली हुशार मुलगी जशी शोधते, तशी ती शोधत होती, आणि बाईंना ते बघवत नव्हतं.

“ते लाल माझं अक्षर आहे,” बाई म्हणाल्या. “आत्ता फक्त ‘वार’ लिहिलं. ‘गुरु’ तेव्हाच लिहिलं होतं. मंगळवारी. चिठ्ठी आली, त्याच मिनिटाला.”

पडद्यापलीकडे गुंडीनं बॅगेची चेन ओढली. गुणगुणणं थांबलं, परत सुरू झालं.

अक्कानं चिठ्ठीवरून बोट काढलं. ती बाईंकडे बघत राहिली. रागावली होती का? बाईंना तिचा चेहरा वाचता येईना. अर्धा चेहरा तर काही सांगतच नव्हता.

“कळलं होतं,” अक्का म्हणाली.

एवढंच. विचारल्यासारखं नाही आणि सांगितल्यासारखंही नाही. कुणाला कळलं होतं, ते त्यात नव्हतं. ‘तुला’ नव्हतं, ‘मला’ही नव्हतं.

‘कुणाला? पूर्ण वाक्यात सांग.’ एकतीस वर्षांचं वाक्य बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी ते गिळलं. हे विचारायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांना नीट कळलं. त्या पेनचं टोपण लावत राहिल्या. ते केव्हाच लागलं होतं.

अक्कानं चिठ्ठी उचलली. घडी करायला एक हात पुरेना, म्हणून हनुवटीखाली दाबून तिनं तिची घडी घातली आणि शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या डब्यात टाकली. खण ढकलून बंद केला. मग मांडीवरचा पुठ्ठा घेऊन बाईंच्या हातात दिला.

“पुढचं,” ती म्हणाली.